चालकाचा भूतकाळ किती मागे जाऊन तपासायचा?

घर भाड्याने द्यायचे तर भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. घरकामाला बाई ठेवली तर सोसायटीचा वॉचमन तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागतो. रात्रीच्या एसटीत मात्र चाळीस-बेचाळीस माणसे एका अनोळखी माणसाच्या हाती जीव देऊन खुशाल डुलक्या घेतात. चालकाचे नाव काय, तो कुठला, पूर्वी त्याने काय केले, हे कोणी विचारत नाही. आपल्या वतीने कोणीतरी ही चौकशी आधीच केली असणार, असे आपण धरून चालतो.

चौकशी होते हे खरे आहे. पण तिच्यात नेमके काय पाहतात, काय दिसतच नाही आणि पूर्वीचा गुन्हा सापडला तर त्या माणसाला बस द्यायची की नाही हे कसे ठरते, याची माहिती फारशी कोणाला नसते. या चौकशीतून मिळणारा चारित्र्य दाखला वरवर साधा वाटला तरी आतून बराच गुंतागुंतीचा आहे.

बिल्ल्यापर्यंतचे टप्पे

पहिला टप्पा परवान्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परिवहन वाहन रस्त्यावर चालवता येत नाही. बसचा शिकाऊ परवाना हवा असेल, तर त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जवळ असावा लागतो. याच कायद्याचे १९ वे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सराईत गुन्हेगार, सराईत मद्यपी, अमली पदार्थांच्या आहारी गेलेला किंवा दखलपात्र गुन्ह्यासाठी वाहन वापरलेला माणूस असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून घेऊन परवाना अधिकारी त्याला अपात्र ठरवू शकतो.

दुसरा टप्पा बिल्ल्याचा. रिक्षावाल्याच्या छातीवर दिसतो तोच हा बिल्ला. नुसती गाडी चालवता येणे वेगळे आणि प्रवासी बसवून चालवणे वेगळे, म्हणून आरटीओकडून ही वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि तिच्या अर्जासोबत पोलिसांचा चारित्र्य दाखला जोडावा लागतो.

तिसरा टप्पा नेमणुकीचा. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत निवड झालेल्या उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतात. गेल्या काही वर्षांत कुठे कुठे राहिलात, कधी अटक झाली का, खटला चालला का, शिक्षा झाली का, सध्या एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, असे प्रश्न त्यात असतात. खोटी माहिती दिल्यास नोकरी जाईल, अशी तंबीही असते. हा नमुना पुढे पोलीस आयुक्त किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे जातो.

हा खटाटोप कशासाठी? उमेदवार वळणावर गाडी कशी घेतो, ब्रेक कधी दाबतो, हे चाचणीच्या मार्गावर अर्ध्या तासात दिसते. प्रवाशाशी वाद झाला की तो काय करेल, रात्रीच्या शेवटच्या फेरीत एकटी बाई गाडीत राहिली तर कसा वागेल, हे दाखवणारी चाचणी कोणाकडेच नाही. म्हणून त्याच्या मागच्या वागण्याच्या नोंदी चाळायच्या आणि पुढचा अंदाज बांधायचा.

पोलीस ठाण्यात काय चाळतात?

गावातल्या एखाद्या किराणा दुकानदाराला विचारा, ‘हा माणूस उधारी बुडवतो का हो?’ तो आपली वही उघडेल, पाने उलटेल आणि म्हणेल, ‘नाही, याच्या नावावर काही नाही.’ दुकानदार खोटे बोलत नाही. पण शेजारच्या गावातल्या दुकानाच्या वहीत काय लिहिले आहे, हे त्याला ठाऊक नसते.

पोलीस पडताळणी वर्षानुवर्षे अशीच चालत आली. प्रत्येक ठाण्याचे स्वतःचे गुन्हा रजिस्टर. वर्तमानपत्रात बातमीखाली ‘गु. र. नं.’ म्हणून जो आकडा येतो, तो या रजिस्टरमधला. उमेदवाराने पत्ता दिला की त्या हद्दीतले ठाणे आपले रजिस्टर पाहणार, हवालदार घरी जाऊन दोन शेजाऱ्यांना विचारणार आणि ‘आक्षेपार्ह काही नाही’ असा शेरा मारणार. ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात करून चार राज्ये फिरलेल्या माणसाबाबत हा शेरा कितपत पुरा पडणार?

२००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर देशभरची पोलीस ठाणी एकमेकांना जोडण्याच्या कामाला जोर आला. २००९ मध्ये केंद्राने ‘क्राइम अँड क्रिमिनल ट्रॅकिंग नेटवर्क अँड सिस्टीम्स’ म्हणजेच सीसीटीएनएस या प्रकल्पाला मंजुरी दिली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तो चालवतो. आता एका ठाण्यात बसून दुसऱ्या जिल्ह्यातली, दुसऱ्या राज्यातली नोंद शोधता येते. साऱ्या वह्या एका टेबलावर आल्या म्हणायच्या.

तरी दोन फटी उरतात. एक म्हणजे नोंद झाली, पण तिचा शेवट झाला नाही. गुन्हा दाखल झाला तेव्हा संगणकात माहिती चढते. सहा वर्षांनी न्यायालयाने माणसाला निर्दोष सोडले, ती माहिती त्याच ओळीपुढे चढेलच असे नाही. पोलीस, न्यायालये, तुरुंग आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांच्या नोंदी एकमेकींना जोडणारी यंत्रणा त्यासाठीच उभी करण्यात येत आहे.

दुसरी फट कागदाची. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. त्याच्याजवळ दिल्ली पोलिसांच्या नावाचा चारित्र्य दाखला होता. तो बनावट असल्याचे पोलिसांनी नंतर सांगितले. उत्तर प्रदेशातल्या त्याच्या मूळ जिल्ह्यात त्याच्यावर गुन्हे नोंदलेले होते. २०११ मध्ये बलात्काराच्याच आरोपाखाली त्याला अटक झाली होती, पण त्या खटल्यातून तो सुटला होता. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. उमेदवाराने स्वतः आणून दिलेला दाखला आणि पोलिसांनी थेट कार्यालयाला कळवलेला अहवाल यांत केवढे अंतर आहे, हे या प्रकरणाने दाखवले. फक्त ‘शिक्षा झाली का’ एवढेच विचारले असते, तर खरा दाखलाही कदाचित स्वच्छच निघाला असता, हेही विसरता येत नाही.

नाव तेच, माणूस दुसरा

संगणकात शोधायचे तर काय घालून शोधायचे? नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, पत्ता. संतोष पाटील किंवा सचिन जाधव या नावाची किती माणसे एकेका तालुक्यात असतील! त्यात इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर वेगळे. त्यामुळे दोन्हीकडून चूक होऊ शकते. खरा गुन्हेगार एका अक्षराच्या फरकाने निसटतो आणि नामसाधर्म्यामुळे भलताच अडकतो.

यावरचा उपाय शोधण्यात भारताचा वाटा मोठा आहे. बोटांच्या ठशांवरून ओळख पटवणारा जगातला पहिला विभाग १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाला. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांचे वर्गीकरण बसवले आणि ते एडवर्ड हेन्री या त्यांच्या वरिष्ठाच्या नावाने जगभर गेले. आज ‘नॅफिस’ या राष्ट्रीय यंत्रणेत अटक झालेल्या व्यक्तीच्या ठशांना दहा अंकी क्रमांक मिळतो. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात. नाव बदलले तरी ठसा बदलत नाही. नोकरीच्या नेहमीच्या पडताळणीत मात्र अजूनही मुख्य भिस्त नाव-पत्त्यावरच असते.

नोंद सापडली, पुढे काय?

ग्रामीण भागातून आलेल्या उमेदवाराच्या अहवालात बऱ्याचदा ‘३२३, ५०४, ५०६’ ही कलमे दिसतात. मारहाण, शिवीगाळ, धमकी. जुन्या भारतीय दंड संहितेतली ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ११५, ३५२ आणि ३५१ या क्रमांकांखाली गेली आहेत. बांधावरून भावकीत भांडण झाले की दोन्ही बाजू एकमेकांवर हीच कलमे लावतात आणि घरातल्या साऱ्या पुरुषांची नावे घालतात. कोणी रास्ता रोकोत पकडलेला असतो. कोणावर खरोखरच विनयभंगाचा गुन्हा असतो. ‘गुन्हा दाखल आहे’ या तीन शब्दांत हे सगळे सारखेच दिसते. म्हणून अहवालातल्या शब्दांचे अर्थ नीट कळणे गरजेचे आहे.

| चौकट : पोलीस अहवालाची भाषा |
|---|
| अदखलपात्र नोंद (एनसी) : तक्रार लिहून घेतली. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. |
| गुन्हा दाखल : दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदली गेली. दोष अजून ठरलेला नाही. |
| दोषारोपपत्र : खटला चालवण्याइतका पुरावा मिळाला, असे तपास अधिकाऱ्याचे मत. |
| प्रतिबंधात्मक कारवाई : शांतता राखण्यासाठी बंधपत्र घेतले. ही शिक्षा नव्हे. |
| निर्दोष मुक्तता : न्यायालयाने सोडले. आरोपच खोटा ठरला की पुराव्याअभावी संशयाचा फायदा मिळाला, हे निकालपत्र वाचल्यावरच कळते. |
| दोषसिद्धी : न्यायालयाने गुन्हा सिद्ध मानला. |
| नैतिक अधःपतन : चोरी, फसवणूक, लैंगिक अत्याचार यांसारख्या गुन्ह्यांना लावला जाणारा निकष. |

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या निकालात नोकरी देणाऱ्यांसाठी याबाबतची सूत्रे घालून दिली. उमेदवाराने माहिती लपवली, तरी प्रकरण क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ तरुणपणी घोषणा दिल्याचे, तर नोकरी देणारा ते सोडून देऊ शकतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर नेमणूक रद्द करता येते. उमेदवाराने सगळे खरे सांगितले, तरी त्याच्या पूर्वचारित्र्याचा विचार करण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतोच. आणि नमुन्यातला प्रश्न मोघम असेल, तर उत्तर लपवले असा ठपका ठेवता येत नाही.

म्हणजे न्यायालयाने सरसकट दार बंद केले नाही आणि सताड उघडलेही नाही. प्रत्येक प्रकरण त्याच्या वजनाने तोलायला सांगितले. पण तोलताना काळाचे वजन किती धरायचे? दोन वर्षांपूर्वीची मारामारी आणि वीस वर्षांपूर्वीची मारामारी सारखीच का? हा प्रश्न अमेरिकेतल्या एका बसचालकाच्या खटल्यात अगदी टोकाला गेला.

फिलाडेल्फियातली चाळीस वर्षे

फिलाडेल्फिया शहराची सार्वजनिक वाहतूक ‘सेप्टा’ ही संस्था चालवते. ज्या अपंग प्रवाशांना नेहमीची बस वापरता येत नाही, त्यांना दारातून नेऊन दारात सोडणारी तिची सेवा आहे आणि ती कंत्राटदारांमार्फत चालते. २००० च्या जानेवारीत अशा एका कंत्राटदाराने पंचावन्नच्या आसपास वय असलेल्या एका माणसाला चालक म्हणून प्रशिक्षणाला घेतले. थोड्याच आठवड्यांत त्याला काढून टाकण्यात आले. कारण होते चाळीस वर्षांपूर्वीची दोषसिद्धी. पंधराव्या वर्षी टोळ्यांच्या मारामारीत एकाचा जीव गेला होता आणि त्यात त्याला खुनाची शिक्षा झाली होती. साडेतीन वर्षे भोगून तो सुटला. त्यानंतर हिंसेचा एकही गुन्हा त्याच्या नावावर नव्हता. ही माहिती त्याने अर्जात स्वतःहून लिहिली होती.

सेप्टाचा नियम साधा होता. काही गुन्ह्यांसाठी सात वर्षांची मर्यादा, पण हिंसक गुन्ह्याची दोषसिद्धी असेल तर कधीच नाही. त्या चालकाने दावा लावला. अशा सरसकट नियमाची झळ कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक उमेदवारांना जास्त बसते आणि कामाच्या गरजेने ती समर्थनीय ठरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सेप्टाचे म्हणणे असे की, या गाडीत चालक आणि असहाय प्रवासी अनेकदा दोघेच असतात, त्यामुळे जराही धोका पत्करता येणार नाही. संस्थेच्या बाजूने आल्फ्रेड ब्लमस्टीन या नामवंत गुन्हेशास्त्रज्ञाने मत दिले. पूर्वी हिंसा केलेला माणूस पुन्हा हिंसा करण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते आणि वर्षे उलटली की ती कमी होते, पण अचूक भाकीत कोणालाच करता येत नाही.

२००७ मध्ये अपील न्यायालयाने ‘एल विरुद्ध सेप्टा’ या खटल्याचा निकाल सेप्टाच्या बाजूने दिला. पण निकालात न्यायाधीशांची अस्वस्थता लपत नाही. चालकाच्या बाजूने कोणी तज्ज्ञ उभा राहून ‘चाळीस वर्षे स्वच्छ राहिलेल्याचा धोका इतरांइतकाच असतो’ हे पुराव्याने दाखवले असते, तर प्रकरण वेगळे झाले असते, असे त्यांनी नोंदवले. तसा पुरावाच समोर आला नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात उभाच राहिला नसता. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार पंधरा वर्षांच्या मुलाने केलेल्या कृत्यामुळे त्याला पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर ती नोंद नष्ट करायची असते.

धोका कसा ओसरतो?

सेप्टाच्या खटल्यात समोर न आलेला तो पुरावा पुढे गोळा केला, तोही ब्लमस्टीन यांनीच. किमिनोरी नाकामुरा यांच्यासोबत त्यांनी न्यूयॉर्क राज्यात १९८० मध्ये पहिल्यांदाच अटक झालेल्या सुमारे ८८ हजार लोकांच्या पुढच्या नोंदी तपासल्या. प्रश्न असा होता : नव्याने काही न करता किती वर्षे गेली म्हणजे या माणसाला पुन्हा अटक होण्याची शक्यता त्याच वयाच्या सामान्य माणसाइतकी होते?

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर गुन्ह्यागणिक वेगळे होते. अठराव्या वर्षी घरफोडीत पकडलेल्याच्या बाबतीत ३.८ वर्षे, गंभीर मारहाणीत ४.३ वर्षे आणि लुटमारीत ७.७ वर्षे.

असे का होते, हे समजायला अवघड नाही. एकाच वर्षी सुटलेल्या शंभर जणांचा गट डोळ्यांसमोर आणा. ज्यांना पुन्हा त्याच वाटेला जायचे आहे, ते बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांतच जातात आणि पकडलेही जातात. आठ वर्षांनी ज्यांच्या नावावर नवे काही नाही, त्यांत वाट सोडलेल्यांचेच प्रमाण जास्त असते. जोडीला वय वाढते. पोरवयात आणि ऐन विशीत अंगात असलेली रग पस्तिशीत राहत नाही. लग्न, मुले, कर्जाचा हप्ता माणसाला बांधून ठेवतात.

हे आकडे न्यूयॉर्कचे आहेत, आणि तेही पहिल्या अटकेनंतरचे. पुन्हा पुन्हा गुन्हे करणाऱ्याला ते लागू पडत नाहीत. ते उचलून आपल्या नियमावलीत बसवणे चुकीचे ठरेल. मात्र जुनी नोंद आणि ताजी नोंद यांचे वजन सारखे नसते, एवढे त्यातून खात्रीने म्हणता येते. ब्रिटनने हे तत्त्व १९७४ मध्येच कायद्यात आणले. सौम्य शिक्षा झालेला माणूस ठरावीक काळ सरळ राहिला, की बहुतेक नोकऱ्यांपुरती ती शिक्षा ‘संपलेली’ मानतात.

कोरा अहवाल काय सांगत नाही?

२५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्याच्या स्वारगेट आगारातून संतोष माने या एसटी महामंडळाच्याच चालकाने एसटी बाहेर काढली आणि भर रस्त्यात बेफाम पळवली. नऊ जणांचे प्राण गेले, तीसहून अधिक जखमी झाले. तो सेवेत मुरलेला चालक होता. चारित्र्य पडताळणीत अडकावे असे त्याच्या मागे काही नव्हते. ड्युटी बदलून मिळण्यावरून तो बिथरला होता, हे खटल्यात पुढे आले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी जन्मठेपेत बदलली.

पडताळणी नेमणुकीच्या दिवशीचे चित्र दाखवते. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत माणसाला व्यसन लागू शकते, आजार होऊ शकतो, घर मोडू शकते. त्यावर नजर ठेवण्याची साधने वेगळी आहेत : ड्युटीवर जाण्यापूर्वीची श्वास-तपासणी, ठरावीक मुदतीची वैद्यकीय तपासणी, प्रवाशांच्या तक्रारींची नोंद आणि चालकाचे ऐकून घेणारा आगारप्रमुख.

शिवाय आता चालक संस्थेचाच असेल असे नाही. मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या गाड्यांवर चालक कंत्राटदाराचा असतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात अशीच एक बस गर्दीत घुसून अनेकांचा बळी गेला. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यतः प्रशिक्षणाची. पण जबाबदारी कोणाची, हा प्रश्न चारित्र्य पडताळणीलाही लागू आहे. कंत्राटदाराने केलेली पडताळणी पुन्हा कोण तपासतो? कामावरून काढलेला चालक दुसऱ्या कंत्राटदाराकडे रुजू झाला, तर ते कोणाला कळते? सेप्टाने हिंसक गुन्ह्यांबाबतची अट निदान कंत्राटातच लिहून ठेवली होती.

नियम लिहायचा तर

चांगल्या नियमाला तीन प्रश्न स्पष्ट विचारावे लागतात. गुन्हा कोणता आणि तो सिद्ध झाला का? त्याला किती वर्षे झाली आणि मधल्या काळात माणूस कसा वागला? आणि या कामाशी त्याचा काय संबंध? दारू पिऊन वाहन चालवल्याची शिक्षा लिपिकाच्या बाबतीत दुय्यम ठरेल, चालकाच्या बाबतीत ती सगळ्यांत मोठी ठरते. वाहक सोबत असलेली भरगच्च गाडी आणि प्रवाशासोबत एकटाच असलेला चालक, या दोन कामांतला धोकाही वेगळा. केंद्र सरकारने २०२० मध्ये अ‍ॅप-टॅक्सीसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशी आखणी दिसते. नशेत वाहन चालवणे, लैंगिक गुन्हे, फसवणूक, हिंसा अशा गुन्ह्यांत गेल्या सात वर्षांत दोषसिद्धी नसावी, असे त्यांत वर्षांच्या आकड्यासह म्हटले होते.

असा वर्षांचा आकडा लिहून ठेवण्याचा एक फायदा आहे. वह्या कितीही जोडल्या तरी काही नोंदी निसटणार, नावांची गल्लत होणार, निकाल चढायचे राहणार. अशा वेळी उमेदवाराने नमुन्यात स्वतःच्या हाताने लिहिलेली माहिती सगळ्यांत मोलाची. फिलाडेल्फियाच्या त्या चालकाने चाळीस वर्षांपूर्वीचे खरे लिहिले आणि नोकरी गमावली. ‘कधीच नाही’ असा नियम असला, की पुढचा उमेदवार तो रकाना कोरा सोडायला शिकतो. मग पडताळणी करणाऱ्याच्या हाती फक्त रजिस्टर उरते. कोणता गुन्हा किती वर्षे आड येईल, हे भरतीच्या जाहिरातीतच छापले, तर खरे लिहिणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे कळेल, आणि मुदत संपलेली असूनही ज्याने लपवले, त्याच्याकडे संशयाने पाहायला भक्कम कारण मिळेल.